उरलासुरला बखीत

सोहागपलीकडच्या त्या गावात टेपरेकॉर्डर एकच होता, गावमुखियाचा. तो पहिल्यांदा माणसासारखा बोलला, तेव्हा दचकून एका गाढवाने नाईलमध्ये उडी घेतली आणि ते वाहत वाहत थेट कैरोला लागलं. तिथे कुठल्याशा कचेरीत ते अजून नोकरीला आहे म्हणतात. खोटं वाटत असेल त्याने कचेरीत चक्कर मारून यावी.

लहानग्या इन्शिराहला मात्र त्या यंत्रात आबा राहतात असंच वाटे. आबा म्हणजे बखीत, कुवेतला विटा वाहायला गेलेला. पत्र लिहावं तर घरात वाचणारं कोणी नाही, म्हणून तो कॅसेट भरून पाठवी. आधी सगळ्यांना सलाम, मग लेकीसाठी पुस्तकातून मोठ्याने वाचन. काझीची पगडी गिळलेल्या सुसरीची गोष्ट वर्षभर चालली होती. पगडी पोटात गेली आणि सुसर निवाडे देऊ लागली. गावोगावचे तंटे नदीवर यायला लागले.

पण रीत अशी, की ऐकून झालं की त्याच कॅसेटवर जबाब भरायचा आणि कुवेतला निघालेल्या माणसाहाती परत धाडायची. काकूला पंखा हवा, मामाला घड्याळ हवं, म्हशीची खुशाली म्हशीच्याच तोंडून; सगळं सुसरीच्या अंगावरून चालत जाई. उरलेल्या जागेत इन्शिराह विचारी, “आबा, पुढे काय झालं?” पुढचं विचारता विचारता ती मागचं पुसत होती.

नवव्या वर्षी ती रुसली. ईदला आबा यायचे होते, कॅसेट आली. ती ऐकायलाही गेली नाही. जबाबाच्या वेळी आईने ओढत यंत्रापुढे बसवलं, तर ओठ शिवल्यासारखी बसली. आईने वैतागून बटण बंद केलं. ती कॅसेट गावातून निघायच्या आत बखीतच आला. शवपेटीतून.

तो अबोला इन्शिराहने चाळीस वर्षं उराशी वागवला. लग्न टिकलं नाही, आई गेली. घरात ती आणि गच्चीवरची कबुतरं. एका सकाळी कबुतरांना दाणे टाकता टाकता हात थांबला. आपण बोललो नाही, मग त्या कॅसेटवर आपल्या जागेवर कोण आहे?

कॅसेट पदराखाली धरून ती रेडिओ दुरुस्त करणाऱ्या शनूदाकडे गेली.

“बखीतच्या पोरी, कुठल्या फॅरोच्या थडग्यातून उकरलीस ही?”

“चालवून बघा, उस्ताद.”

“पट्टी तुटली तर माझ्या नावाने रडायचं नाही.”

“रडायला माझ्याकडे दुसरी नावं आहेत.”

पट्टी फिरली. काकू पंखा मागून गेली. मामा घड्याळ मागायला लागला तसा शनूदा म्हणाला, “हा मेला तोसुद्धा उशिराच.” इन्शिराह हसली नाही. म्हैस झाली. मग आई : “नाही बोलत तर नको, हट्टी कुठची.” खट्ट.

आणि वाक्याच्या मधूनच एक पुरुष : “...तर दोघे भाऊ एका खजुरीवरून भांडत आले...”

आवाज बारीक, सर्दीने भरलेला. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचणाऱ्याचा. तिला आठवत होता तो विहिरीसारखा खोल होता.

“हे तर पोरगं आहे, उस्ताद.”

“तिशीतच गेला ना तो. तू आता त्याची थोरली बहीण शोभशील.”

भाऊ भांडले, सुसरीने जबडा उघडला, आणि बखीत खोकला. “बाकीचं पुढच्या खेपेला. इन्शिराह, तुला काय वाटतं, खजुरी कुणाला मिळाली असेल? बोल, मी ऐकतोय.” मग नुसती खरखर.

जेमतेम चार मिनिटं. शनूदाने दोनदा लावली, तिसऱ्यांदा तिने स्वतः. नंतर तिचं बोट शेजारच्या, आवाज भरायच्या लाल बटणावर जाऊन थांबलं. उत्तर तिच्याकडे होतं. चाळीस वर्षांत माणूस दोन भावांचं भांडण सहज मिटवतो.

शनूदाने तिचा हात अलगद बाजूला केला आणि कॅसेट बाहेर काढली. “खरखरीवर बोलायला जाशील आणि बोट चुकलं तर तोच जाईल. कॅसेटच्या पाठीला हे दोन दात असतात. मोडले की तिच्यावर कुणालाच बोलता येत नाही. तुलाही नाही. मोडू?”

तिने त्या दातांवरून एकदा बोट फिरवलं.

“मोडा,” ती म्हणाली.