एका दिवसाची पाटी

सकाळी दारवाल्यांनी स्वतः झाडू घेऊन कारखाना झाडला. एरवी इथे लाकडाच्या भुशात घोट्यापर्यंत पाय बुडायचे. आता भुसाच पडत नव्हता, नुसती धूळ साचायची. शहरातल्या कितीतरी इमारतींना यांच्या हातची दारं-खिडक्या, म्हणून लोकांनी 'दारवाले' हे नाव पाडलेलं. पण बांधकामं अर्धवट थांबली, बिल्डरांनी हात वर केले आणि लाकूड तासायच्या रंध्याच्या यंत्रावर पोतं पांघरायची वेळ आली. कारागीर एकेक करून मिळेल त्या कामाला लागले.

अडचणीतल्या बांधकाम व्यवसायांसाठी सरकारनं मदत जाहीर केली, तेव्हा पहिल्या अर्जांत यांचा अर्ज होता. मदत कोणाला मिळाली, कशाच्या आधारावर मिळाली, हे मात्र कधी बाहेर येत नसे. विचारलं की कारकून म्हणे, निवड समितीला विचारा. समितीवर होते दारवाल्यांचेच व्याही, व्यावसायिकांच्या संघटनेचे अध्यक्ष. आता व्याह्यांना जाब विचारायचा तरी कसा? लेक त्यांच्या घरात नांदत होती. मुलीच्या बापानं जीभ सांभाळावी, हे बायकोनं त्यांना पढवून ठेवलेलं.

परवा व्याही आपणहून आले. मदतीसाठी सरकारी साहेब पाहणीला येणार आहेत, कारखाना चालू दिसला पाहिजे, कारागिरांना एक दिवस बोलवून घ्या, असं सांगून गेले. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं काम झालंच समजा."

कारागीर आले. यंत्र पुन्हा गुरगुरलं. दारवाल्यांना वाटलं, बुडत्याला काडी कसली, चांगला ओंडका मिळाला.

मग व्याह्यांच्या गाडीतून दोन माणसं उतरली आणि त्यांनी जुन्या पाटीवर नवी पाटी ठोकली. नाव भलतंच होतं. दारवाले काही विचारणार, तोच दुसरी गाडी आली. साहेब आणि व्याही उतरले, पाठोपाठ दारवाल्यांची लेक उतरली, मान खाली घालून.

"या आमच्या सूनबाई. या उद्योगाच्या मालक," व्याही म्हणाले.

साहेबांनी दारवाल्यांकडे बोट केलं. "आणि हे?"

"हे आमचे जुने मिस्त्री."

यंत्रावरचे हात थांबले. ज्यांना दारवाल्यांनी पटाशी धरायला शिकवलं, ते सगळे त्यांच्याकडे बघत होते. दारवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणजे हिलाही ठाऊक होतं? व्याह्यांचा घाव एकवेळ सोसला असता, हा सोसेना. तरी तिचा संसार मोडू नये म्हणून त्यांनी मान डोलावली.

"होय साहेब, मिस्त्रीच."

तेवढं ऐकलं आणि लेकीनं मान वर केली. "हे माझे बाबा आहेत. कारखाना त्यांचा आहे. माझ्याकडून नुसत्या सह्या घेतल्या. कशावर, ते मीही विचारलं नाही."

व्याही हसले. सूनबाईंची तब्येत बरी नसते, म्हणाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पाहणी झाली म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. साहेबांना सगळं आधीच माहीत होतं, हे दारवाल्यांना तेव्हा कळलं.

लेक त्या गाडीतून परत गेली नाही. नव्या पाटीच्या नावावर मदत मंजूर झाली, तेव्हा जावई समजूत घालायला आला. पैसा सरकारचा, आपल्या घरातलं काय गेलं, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, "बाबांच्या कारागिरांच्या ताटातलं गेलं." तो गेला तो पुन्हा फिरकला नाही. महिनाभरात रंध्याचं यंत्रही भंगारात गेलं.

संघटनेच्या सभेत दारवाले उभे राहिले. मदत जनतेची आहे, ती कोणाकोणाला दिली आणि का दिली तेवढं इथे मोठ्यानं वाचा, इतकंच त्यांनी मागितलं. व्याह्यांनी पुढचा विषय घेतला. दारवाल्यांनी मागे पाहिलं. काचवाला, रंगवाला, फरशीवाला, सगळे त्यांच्याबरोबर मदतीच्या रांगेत ताटकळलेले. कोणी चपलांकडे बघत होतं, कोणी छताकडे. प्रत्येकाचा कुठे ना कुठे कोणी व्याही होता.

लेक मागच्या खुर्चीवरून उठून त्यांच्याशेजारी आली.

"आम्ही बसणार नाही," ती म्हणाली. "वाचा."

सभा घाईघाईनं गुंडाळली गेली. लोक अंग चोरून त्या दोघांच्या बाजूनं बाहेर पडले. त्यांतलं वाईट कोणीच नव्हतं. खाणारे मूठभर होते. त्यांना आडोसा द्यायला ही सगळी भली माणसं पुरत होती.

दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरी उघडली, तेव्हा बापलेक दाराशीच उभे होते. कारकुनानं कपाळाला आठ्या घालून काय काम आहे, असं विचारलं.

"तेच. मदत कोणाला दिली, ते वाचा," दारवाले म्हणाले.