टिचकी

त्या खोलीत चालायचं ते मांजराच्या पावलांनी. दारावर पाटीच होती : 'चपला बाहेर, खोकला बाहेर, भांडण तर फारच बाहेर.' पाटी लावली होती लंबूनं. लंबू म्हणजे सूक्ष्मदर्शक सांभाळणारा सहा फुटी गडी. बाई त्याच्या कोपराला लागायच्या, पण त्यांनी भुवई उचलली की तो जागच्या जागी वाकायचा.

पहिला जीव कसा झाला असेल, हे कळावं म्हणून बाई सोळा वर्षं निर्जीव वस्तूंतून पेशी घडवायच्या खटपटीत होत्या. चरबीचा डोळ्यांना न दिसणारा फुगा करायचा, त्याच्या पोटात जंतू फोडून काढलेला रस भरायचा. मग फुगा हिरवा चमकायचा, वाढायचा आणि सहा तासांत रस संपला की विझायचा. त्याला पेशी म्हणायला मात्र बंदी होती. "आपण होऊन एकाचे दोन होतील तेव्हा म्हणू," बाई म्हणायच्या, "तोवर फुगा."

आज रसाची शेवटची कुपी होती. पाच वाजता काम तपासायला समिती येणार होती. तोवर एकाचे दोन झाले नाहीत, तर उद्यापासून खोली दुसऱ्यांची.

शाळा लवकर सुटल्यामुळे बाईंची आठ वर्षांची नात उंच स्टुलावर पाय हलवत बसली होती. "पाय," लंबू कुजबुजला. पाय थांबले.

"आजी! त्याला कंबर आली!"

खरंच, सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरचा फुगा मधोमध आवळला होता. पण पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, कंबर तेवढीच राहिली. हिरवा उजेड मात्र फिका पडू लागला.

"दमला गं तो."

"दमत नाही. शिधा संपतोय त्याचा."

"मग घाल ना अजून."

"घालायला गेलं की फुटतो. चाळीस वेळा फोडलेत मी."

"मग आता तू काय करणार?"

"बघणार."

नातीनं आजीकडे अविश्वासानं पाहिलं. गच्च बसलेलं झाकण असो, अपूर्णांकांची गणितं असोत, आजीला आजवर काही अडलं नव्हतं.

"बाई, फुग्याखालच्या काचेला एक टिचकी मारली तर?" लंबू अर्धवट हसत म्हणाला. "एवढासा धक्का, की झाले दोन."

"आणि तो पराक्रम कुणाचा? दोरा बांधून ओढलेला दात आपोआप पडला म्हणशील?"

इतक्यात, पाचाच्या आधीच, जिन्यावर बूट वाजले. "अरे देवा, धाडधाड येतायत!" बाई दाराकडे धावल्या, मागोमाग लंबू. समितीच्या तिघांचे बूट उतरवून, त्यांना मोज्यांवर आत आणेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली.

आत आले, तर पडद्यावर दोन फुगे होते. छोटे, गोल, शेजारी-शेजारी.

बाईंनी टेबलाचा कोपरा धरायला हात पुढे केला आणि टेबल हलेल म्हणून सवयीनं मागे घेतला.

"वा! म्हणजे झालं की!" समितीप्रमुख म्हणाले. "आपोआप?"

लंबूनं घाईघाईनं चित्रण मागे नेलं. एका जागी चित्र थरथरलं होतं, जेमतेम दोन सेकंद. त्यानं बाईंकडे पाहिलं. त्याचं बोट बटणावर टेकलं होतं : काढून टाकू? बाईंना भुवई उचलता येईना. त्यांनी तोंड उघडलं. आतून काय निघणार, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"आपोआप नाही काही!" नात स्टुलावरून अभिमानानं म्हणाली. "मी मारली टिचकी. अगदी हळू. तो अडकला होता ना!"

प्रमुख हसले. मग हसायचे थांबले. वहीत काहीतरी लिहून, बाईंना लवून नमस्कार करून तिघं निघाले. जिन्यावर पुन्हा बूट वाजले. आता कुणी अडवलं नाही.

"आजी, मी चुकले?"

मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं बाईंनी जन्मात टाळलं नव्हतं. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं.

"आपण होऊन व्हायला हवं होतं, बाळा."

"मग सगळ्यात पहिल्यांदा झालं, तेव्हा? कुणीच टिचकी नव्हती मारली?"

"मारली असेल. लाटेनं. वाऱ्यानं."

"मग माझीच का नाही चालत?"

बाईंनी नोंदवही ओढून लिहिलं : 'चार बावन्न. टिचकी.' लंबू तोंड फिरवून उगाचच खिडकीची काच पुसत राहिला.

पडद्यावर डावीकडचा फुगा विझत आला होता.

"दोघांनाही भूक लागली असेल," नात म्हणाली.

फुग्याला भूक लागत नाही, हे बाईंनी तिला सकाळपासून तीनदा समजावलं होतं.

"हो गं," त्या म्हणाल्या आणि उजवीकडचा विझेपर्यंत तिला तशाच धरून बसल्या.