धुक्यातला अर्धा सामना

ब्रॅकनथॉर्प टाउन फुटबॉल क्लबाची स्थापना वीटभट्टीच्या कामगारांनी १९०९ साली केली. पुढे दोन महायुद्धे झाली, भट्टी थंडावली, तथापि क्लब टिकून राहिला. मात्र त्या एप्रिलमधील अखेरच्या शनिवारी त्याचे अस्तित्व एकाच सामन्यावर येऊन ठेपले होते. बरोबरी साधली तर आम्ही आमच्या श्रेणीत राहणार होतो. हरलो तर खालच्या श्रेणीत घसरणार होतो, आणि तसे घडल्यास क्लब विसर्जित करावा, असा ठराव समितीने संमत केला होता. तो लिहिला मीच, कारण सेक्रेटरी मी.

सामन्याच्या घोषणाही माझ्याचकडे. मैदानाकाठच्या लाकडी खोलीत ध्वनिक्षेपकापाशी बसून, दोन घोषणांच्या मधल्या वेळात मी क्लबाचा इतिहास लिहीत असे. शेजारच्या खिडकीत चहा विकणाऱ्या हिल्डाने चहाचा मग पुढे सरकवला.

"अल्विन, चहा गार होतोय. मेलेली माणसं कुठं पळून चाललीत का? त्यांचं नंतर लिही."

साठ मिनिटे झाली होती; गोल कोणाचाच नव्हता. मी चालू हंगामाचे सामने उतरवीत होतो. केल्बीविरुद्धचा सामना आला आणि सवयीने मी तो गाळला. समुद्रावरून धुके आल्यामुळे पंचांनी तो सत्तराव्या मिनिटाला थांबवला होता, आणि अर्धवट सामना जमेस धरायचा नाही असा नियम आहे.

तिथेच माझी लेखणी थांबली.

आमचा आघाडीचा खेळाडू लिऑन स्किडमोर यास मार्चअखेरीस लाल कार्ड मिळून तीन सामन्यांची बंदी झाली होती. ते तीन सामने मी मोजले, आणि आजपासून तो मोकळा, असे प्रशिक्षक डेन्झिल ट्रँटर यांना कळवले. त्या तिहींत धुक्यातला सामना होता. अर्थात एका सामन्याची बंदी अद्याप शिल्लक होती, आणि लिऑन चौदा क्रमांकाची जर्सी घालून राखीव बाकावर होता. नुसते बसण्यास हरकत नव्हती. परंतु त्याचा पाय रेषेच्या आत पडता, तर बरोबरीचा गुणही काढून घेतला गेला असता.

मान वर करून पाहतो तो लिऑन कडेने धावत अंग मोकळे करीत होता.

बाक मैदानाच्या पलीकडे; या वयात मी तिथे वेळेत पोहोचणार नव्हतो. सामन्याच्या दिवशी डेन्झिल सर्वांचे फोन, स्वतःचाही, कुलपात ठेवतो.

"हिल्डा, पलीकडे पळत जाशील?"

"मी? गेल्या वर्षी माझं कंबरडं मोडलं तेव्हा तूच फुलं आणली होतीस की."

इतक्यात आमचा एक बचावपटू पाय धरून खाली बसला. बाकीचे राखीव आधीच उतरले होते. लिऑनने जाकीट काढले.

मी ध्वनिक्षेपक सुरू केला. "श्री. ट्रँटर यांनी त्वरित घोषणाकक्षात यावे. त्यांची पांढरी व्हॅन उतारावरून घरंगळत आहे."

प्रेक्षक हसले. डेन्झिल वळलादेखील नाही.

"जाऊ दे समुद्रात," त्याचा आवाज मैदान ओलांडून आला.

रेषापंच लिऑनच्या बुटांचे तळ तपासू लागला. मी पुन्हा बटण दाबले.

"खेळाडू क्रमांक चौदा आज खेळण्यास पात्र नाही. त्याची बंदी संपलेली नाही. मोजणीतील चूक सेक्रेटरीची, म्हणजे माझी आहे."

पाहुण्यांच्या बाजूने कोणी ओरडले, "बोटं कमी पडली का रे, म्हातारबा?"

लिऑनने उचललेला पाय रेषेच्या बाहेरच ठेवला. बाकावर परतून त्याने जाकीट डोक्यावर ओढले.

उरलेली पंचवीस मिनिटे आम्ही दहा जणांनिशी खेळलो. एकदा चेंडू आमच्या खांबावर आदळला. त्याचा ठोका मला छातीत जाणवला. हिल्डाने गिऱ्हाइकाचा मग हातात घट्ट धरला होता, आणि गिऱ्हाईकही तो मागत नव्हते. शेवटच्या मिनिटाला कोपऱ्यावरून चेंडू आला, आमच्या गोलरक्षकाने तो मुठीने फेकला, आणि तो माझ्या खोलीच्या छपरावर आपटत पलीकडे गेला. तेव्हाच शिट्टी वाजली. शून्य–शून्य.

डेन्झिल चिखलातून चालत खोलीत आला.

"माझी व्हॅन?"

"जागेवर आहे."

त्याने माझा गार झालेला चहा उचलून एका दमात संपवला.

"पुढच्या हंगामात मोजायचं काम हिल्डाकडे."

"मला जमेल," हिल्डा म्हणाली. "मला चहाचे मग मोजायची सवय आहे."

ते गेल्यावर मी वही उघडली आणि केल्बीचा सामना गाळला होता त्या जागी तो लिहिला: तारीख, सत्तर मिनिटे, धुके. निकालाची जागा मोकळी ठेवली.