सरावाचं गाव

पत्रकारितेच्या शाळेत मास्तरांनी मुलांसाठी एक गाव रचलं होतं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्याचा खडूने काढलेला नकाशा: नदी, पूल, गिरणी, दवाखाना. दर आठवड्याला त्या गावात काहीतरी विपरीत घडायचं आणि मुलं बातमी आणायला धावायची. धावायची म्हणजे काय, बाकावरून उठून फळ्यापर्यंत! तिथे मास्तरच सगळे जण व्हायचे. बंबवाले तेच, चोर तेच, डोक्यावर रुमाल घेतला की विधवाही तेच. मुलाखत संपली की मुलांनी विचारायचं, "काही राहिलं का, सर?" मग रुमाल काढून ते चुका सांगायचे.

त्याच वर्गातली धाकटी, म्हणजे तिच्या घरातलं शेंडेफळ, या गावाने पुरती झपाटली होती. स्वप्नातही ती त्याच पुलावर उभी असायची. खाली पाणी ऐकू यायचं, धुक्यातून कुणीतरी तिला काही सांगायला निघालेलं असायचं आणि पोचायचंच नाही. आई म्हणायची, "बाई गं, आमच्याही गावात राहा जरा. दूध उतू गेलंय."

पुढे ती एका वर्तमानपत्रात शिकाऊ म्हणून लागली. शिकाऊ दोघं, जागा एक. मुख्य बातमीदार जेवढ्यास तेवढं बोलणारे. शेवटच्या दिवशी त्यांनी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आज जो चांगली बातमी देईल, तो उद्यापासून इथे." धाकटीला ती खुर्ची जिवापाड हवी होती.

दुपारी एका गोदामाची भिंत कोसळली आणि तिथे काम करणारी एक मुलगी गेली. धाकटी दवाखान्यात पोचली तेव्हा लांबलचक हिरवट बोळात कुणी नव्हतं. टोकाच्या बाकावर तेवढे मुलीचे वडील बसले होते. धंद्याने शिंपी, गळ्यात अजून मापाची टेप. जमिनीवर ऊन सांडलं होतं, कुठेतरी नळ वाहत होता. धाकटीला वाटलं, इथे आपण येऊन गेलोय. ती विचारत गेली, ते सांगत गेले. वय काय, काम काय, भिंतीला आधी तडा दिसला होता का. सगळं कसं शिकवल्यासारखं सुरळीत चाललं होतं. आणि शेवटी सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "काही राहिलं का, सर?"

क्षणभर ती आपल्या चुका ऐकायची वाट पाहत राहिली. मग भानावर आली. हे मास्तर नव्हते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

शिंपीकाकांनी मात्र नीट विचार केला. "राहिलं," ते म्हणाले. "ती कशी होती, ते नाही विचारलंस, बाळा."

"कशी होती, काका?"

"थापाडी! एक नंबरची थापाडी. पण थाप मारायच्या आधीच हसायची, त्यामुळे एकही पचली नाही. परवा माझा चष्मा फोडला आणि म्हणते, बाबा, मांजर आलं होतं. तिसऱ्या मजल्यावर कसलं मांजर? आणि हिचं आपलं खी खी खी!"

सांगता सांगता ते स्वतःच हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. धाकटीलाही हसू आवरेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"बाप काय करतोय?" मुख्य बातमीदारांनी विचारलं.

"हसतायत, साहेब."

"डोकं फिरलंय का तुझं? मुलगी गेली आणि बाप हसतोय, हे कुणाला पटेल? धाय मोकलून रडत होते, असं लिही. एवढी एक ओळ घाल आणि खुर्ची तुझी."

कोण तपासायला येणार होतं? खोटं कशाला बोला, तिने ती ओळ मनात लिहूनही पाहिली. चांगली दिसत होती मेली.

"हसत होते, साहेब," ती म्हणाली. "मी तेच लिहिणार."

"मग राहू दे. दुसरा लिहील." फोन बंद झाला.

शिंपीकाका तिच्याकडे बघत होते. "कोण हसत होतं?"

"तुम्ही, काका."

"मी?" त्यांनी हात आपल्या तोंडावर नेला, चाचपून पाहिलं. "आज? आज हसलो मी?"

आणि मग त्यांचा बांध फुटला. बोळ दणाणून जावा असे ते रडले.

फोन धाकटीच्या हातातच होता. आता ती ओळ खरी होती. एक फोन केला की झालं.

तिने तो पिशवीत टाकला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.