न्हाणीमागच्या जामाचं म्हणणं

मी जाम बोलतोय. पुण्या-मुंबईकडची माणसं मला पेरू म्हणतात, म्हणू देत. वर्धा जिल्ह्यात मी जाम. आणि वडनेरात प्रभाकररावांच्या घरी तर मी नुसता जामही नाही, 'न्हाणीमागचा जाम'. हे न्हाणीमागचं प्रकरण जन्मभर माझ्या मानगुटीवर बसलंय, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

प्रभाकररावांच्या घराच्या मागच्या अंगाला न्हाणी आहे. अंघोळीचं पाणी जिथून वाहून जातं, तिथे माझं झाड कुणी न लावता उगवलं आणि साबणाचं पाणी पिऊन वाढलं. खत नाही, फवारणी नाही, कौतुक तर मुळीच नाही. प्रभाकरराव कपाशीला दिवसातून दोनदा भेटून यायचे. माझ्या झाडाकडे मात्र टॉवेल वाळत घालायचा असला तरच बघायचे. तरी दरवर्षी दिवाळी झाली की झाड फळांनी वाकायचं. आमच्या खानदानाला रुसून बसायची सवयच नाही.

माझी निम्मी भावंडं राघूंनी संपवली. राघूची खायची तऱ्हा फार वाईट. याला दोन चोची मारायच्या, त्याला दोन, आणि एकही पुरा करायचा नाही. बुफेच्या लग्नात माणसंही तेच करतात असं ऐकून आहे. मी वाचलो तो प्रमिलाबाईंमुळे. प्रमिलाबाई म्हणजे प्रभाकररावांच्या मंडळी. एका सकाळी त्यांनी जुन्या साडीच्या चिंध्या आणल्या आणि हाताला लागतील तेवढ्या आम्हा सात-आठ जणांना कुंची बांधावी तशा बांधल्या. तेव्हापासून माझा जीव त्या बाईवर जडला. खाल्लं जायचंच असेल तर यांच्याच हातून, असं मी ठरवून टाकलं.

आणि नेमक्या त्याच आजारी पडल्या. डेंग्यूचा ताप. पाच दिवस हिंगणघाटच्या दवाखान्यात काढून घरी आल्या. ताप उतरला, रक्ताचा रिपोर्ट सुधारला, पण अन्न काही पोटात जाईना. वरणभाताचे दोन घास घेतले की ताट बाजूला. "तोंडाले चवच नाई व," एवढंच म्हणायच्या आणि कूस बदलायच्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की सोमवारपर्यंत नीट जेवायला लागल्या नाहीत तर परत भरती करून सलाइन लावावं लागेल. सलाइनच्या सुयांनी बाईंचे दोन्ही हात आधीच काळेनिळे झाले होते. सोमवारचं नाव काढलं की त्या हात पदराखाली घ्यायच्या.

तो गुरुवार होता. त्याच दिवशी त्यांची सून हर्षा हिने मला तोडलं, चिंधी सोडली आणि फ्रिजवरच्या टोपलीत ठेवलं. टोपलीत आधीच चार सफरचंदं बसली होती.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि हातात काय न्यायचं तेही ठरलेलं असतं. सफरचंद. केळी नेली तर चार लोकांत चर्चा होते. जाम नेला तर काय होतं ते मला माहीत नाही, कारण जाम आजवर कुणी नेलेलाच नाही. ही चार सफरचंदं शेजारच्या रुख्माबाईंनी आणली होती. खाटेजवळ पिशवी ठेवून, "खाजा बरं बाई, ताकद येते," असं म्हणून त्या गेल्या. बाईंनी पिशवीकडे पाहिलंही नाही.

माझ्या शेजारच्या सफरचंदाच्या कपाळावर स्टिकर होतं. अंग असं चकचकीत, जसं काही आत्ताच न्हाव्याकडून उठून आलंय. मी सुरुवातीलाच तोंड सोडलं. म्हटलं, "थंड डोंगरावरून इतक्या लांब आलास, काय घेऊन आलास?"

ते हिमाचलचं, हिंदीत बोलायचं. म्हणालं, "इज्जत लेके आया हूँ, भाईसाब."

मी तोंड फिरवून घेतलं. रात्रभर फिरवूनच ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी गंमत झाली. गावातला कैलास मोटरसायकलवरून पडून पायाला प्लास्टर घालून बसला होता. त्याला भेटायला प्रभाकरराव निघाले. जाताना त्यांनी ती चारही सफरचंदं पिशवीत घातली. "इथं कोणी खाऊन राह्यलं नाई, तिकडं तरी कामी येईन." टोपली मला एकट्याला मिळाली. मी पाय पसरून झोपलो.

शनिवारी कैलासची आई प्रमिलाबाईंना बघायला आली. हातात पिशवी. पिशवीतून चार सफरचंदं निघाली आणि परत माझ्या शेजारी येऊन बसली. तेच स्टिकर, तीच रुख्माबाईंनी घेताना नख रुतवून पाहिल्याची खूण. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट प्रभाकरराव म्हणाले, "पाहा, केवढे मस्त सेब आणले. लोकं किती जीव लावते!"

सफरचंदाचा तोरा त्या दिवशी उतरला होता. शेवटी हळूच म्हणालं, "भाईसाब, वडनेर में ये मेरा चौथा मुकाम है. सब हाथ में लेते हैं, काटता कोई नहीं." मला पहिल्यांदा त्याची दया आली. पण फार वेळ नाही. कारण त्याच संध्याकाळी वर्ध्याहून प्रेरणा आली आणि माझे दिवस पालटले.

प्रेरणा म्हणजे हर्षाची मुलगी. वर्ध्याला होस्टेलवर राहून गृहविज्ञान शिकते, पहिल्याच वर्षाला आहे, त्यामुळे तिला सगळंच येतं. रविवारी सकाळी तिने टोपलीत पाहिलं, मला उचललं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "घरी असा जाम असून आजीले सेब काऊन देता?"

प्रभाकरराव ओट्यावरून आत आले. "आजाऱ्या माणसाले जाम? खोकला होते त्यानं. आन् त्याच्या बिया अपेंडिक्समंधी जाऊन बसते."

"कोणी सांगितलं आबा?"

"सांगा लागते काय? सारेच म्हणते."

प्रेरणाने मोबाइल काढला, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, मधोमध रेघ मारली. एकीकडे 'जाम' लिहिलं, एकीकडे 'सफरचंद'. मला आणि त्याला पानाच्या दोन्ही बाजूंना ठेवलं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात बसल्यासारखं वाटलं मला, पण खोटं कशाला सांगू, आवडलं.

"हे पाहा. शंभर ग्रॅममंधलं सांगतो. क जीवनसत्त्व जामात दोनशे मिलिग्रामच्या वर. सेबात पाच बी नाई."

मी ताठ झालो.

"प्रथिनं जामात अडीच ग्रॅम, सेबात अर्धा बी नाई. तंतू दुपटीच्या वर. पोटॅशियम चौपटीच्या जवळपास."

मला पोटॅशियम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण चौपट म्हटल्यावर बरं वाटलं. मी सफरचंदाकडे तिरक्या नजरेने पाहिलं. बिचारं स्टिकर कपाळावर घेऊन खाली बघत होतं.

तेवढ्यात रुख्माबाईंचे यजमान किसनराव आले. बाईंना बघायला म्हणून आले, पण वाद कानावर पडताच खुर्ची ओढून सफरचंदाच्या बाजूला बसले. घरून आलेल्या फळाचा अपमान त्यांना कसा सहन होणार? म्हणाले, "मोठ्या मोठ्या दवाखान्यात सेबच देते. जाम देताना पाह्यलं काय कोणी?"

"सेब वाईट नाई आजोबा," प्रेरणा म्हणाली. "पोटाले हलकं असते, टिकते बी लय दिवस."

टिकते, हे मात्र खरं. चार मुक्काम टिकलं होतं.

प्रभाकररावांनी मग ठेवणीतला मुद्दा काढला. "इतकं सारं असते जामात, त मंग फुकट काऊन भेटते?"

प्रेरणाने मोबाइल वरखाली चाळला. गृहविज्ञानाच्या पहिल्या वर्षात याचं उत्तर नसावं. किसनरावांनी मांडीवर थाप मारली. हर्षा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ती प्रेरणाच्या बाजूने बोलू लागली. आवाज चढले. किसनराव एकदा शिंकले, तर प्रभाकरराव म्हणाले, "पाहा, नुसतं जामाजवळ बसले त सर्दी झाली." मी तर रागाने आणखी पिवळा झालो असेन. बारा वाजून गेले. जिंकायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटी प्रभाकरराव म्हणाले, "लाव डॉक्टरले फोन. ते सांगन ते खरं."

रविवार असूनही डॉक्टरांनी फोन उचलला. प्रेरणाने स्पीकर लावला. प्रभाकरराव मोबाइलजवळ तोंड नेऊन ओरडले, "साहेब, प्रभाकर बोलतो वडनेरवरून! बाईले सेब द्यावं का जाम?"

"कोणतंही द्या हो काका, दोन्ही चांगले. आज त्यांनी सकाळपासून काय काय खाल्लं?"

प्रभाकररावांनी हर्षाकडे पाहिलं, हर्षाने प्रेरणाकडे. खाटेजवळच्या स्टुलावर दहा वाजता ठेवलेला वरणभात तसाच होता. वरणावर साय धरली होती.

"अर्धा कप चहा," हर्षा हळूच म्हणाली.

"म्हणजे काहीच नाही. उद्या सोमवार आहे, लक्षात आहे ना? काय खावंसं वाटतं ते त्यांना विचारलंत का?"

फोन बंद झाला. सगळ्यांच्या माना खाटेकडे वळल्या. मला तर टोपलीत तोंड लपवावंसं वाटलं. ज्या बाईने मला चिंधी बांधून वाचवलं, ती चार हातांवर उपाशी पडली होती आणि मी पोटॅशियम मोजत होतो.

प्रमिलाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. न वळताच म्हणाल्या, "झालं काय भांडून?"

हर्षा त्यांच्या उशाशी जाऊन बसली. "आई, तुमाले काय खावंसं वाटते?"

"जामाची भाजी. गूळ टाकून, तिखट झणझणीत." मग त्या वळल्या. "चार दिवसांपासून दिसून राह्यला तो मले टोपल्यात. वास येते त जीव कसानुसा होते."

"मंग सांगितलं काऊन नाई?" प्रभाकरराव म्हणाले.

"कोणी इचारलं काय मले? जो येते तो सेब ठेवते न् जाते. आन् तुमीच म्हणता, न्हाणीमागचं पाहुण्यायले नोका दाखवू."

किसनराव उठले आणि चप्पल शोधू लागले. त्यांना पुन्हा शिंक आली. तेव्हा प्रभाकररावांनी सवयीने चारही सफरचंदं पिशवीत भरून त्यांच्या हातात दिली, "तब्येत सांभाळजा." जाताना सफरचंद म्हणालं, "चलता हूँ भाईसाब. आपका तो नंबर लग गया." मी म्हटलं, "तुझाही लागेल रे." मनापासून म्हटलं.

पण भाजी! मी हादरलोच होतो. प्रेरणालाही राहवलं नाही. "आजी, शिजवलं त क जीवनसत्त्व बरंचसं उडून जाते."

"उडू दे. मले काय कुस्ती खेळाले जा लागते?"

एका जामाची भाजी ती कितीशी होणार? तेव्हा प्रभाकरराव स्वतः उठून न्हाणीमागे गेले. त्या झाडाखाली ते टॉवेलशिवाय उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. चार जाम घेऊन आले, आपल्या स्वच्छ धोतराला पुसून हर्षाच्या हातात दिले.

हर्षाने आम्हाला चिरलं. बाईंच्या कवळीखाली बिया रुततात म्हणून बियांचा गाभाही काढून टाकला. म्हणजे तंतू अर्धे तिथेच गेले. मग तेलात मोहरी, जिरं, हळद, तिखट, वर आम्ही, मीठ, आणि शेवटी गुळाचा खडा. कढईत झाकण पडलं तसं माझं दोनशे मिलिग्राम वाफेबरोबर निघून गेलं. कॅलेंडरच्या पानावर माझ्या बाजूला जे जे लिहिलं होतं, त्यातलं किती उरलं असेल कुणास ठाऊक. मला वाटलं होतं मी रडेन. पण वास बाहेरच्या खोलीत गेला आणि खाट करकरली. बाई आपणहून उठून बसल्या होत्या.

आता मी वाटीत आहे आणि तिथूनच बोलतोय, त्यामुळे फार वेळ नाही. बाईंची एक पोळी संपली. दुसरी अर्ध्यावर आहे. नाकाला पाणी सुटलंय, ते पदराने पुसत जेवताहेत. प्रेरणाने डॉक्टरांना मेसेज केला. हर्षा तिसरी पोळी लाटतेय.

माझी एकच विनंती आहे. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा सफरचंद न्या, जाम न्या, वाटेल ते न्या. नेलेलं एखादं कापूनही द्या, त्या बिचाऱ्याला चार घरं फिरवू नका. आणि कापायच्या आधी एकदा विचारा.

प्रभाकरराव खाटेजवळ पाट घेऊन बसले आहेत. आत्ताच त्यांनी विचारलं, "अव, अजून काय पायजे तुले?"

बाईंचा घास हातातच राहिला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हा प्रश्न त्यांना नवाच असावा. मग म्हणाल्या, "आता इचारलंच त सांगतो. तुमी बी बसा जेवाले. मी खाटेवरून पाहून राह्यली, गुरुवारपासून तुमी बी कुठं धड जेवले?"

हर्षा लाटणं हातात घेऊन दारात उभी राहिली. हेही घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी ताट प्रभाकररावांपुढे ओढलं. वाटीत दोन फोडी उरल्या होत्या. लहान त्यांनी स्वतःला ठेवली आणि मोठी प्रभाकररावांच्या बाजूला टाकली.

ती मी.