काळ्या काचेतला ठिपका

टक्!

बांगडी ओट्याला लागावी, एवढाच आवाज. गच्चीवर तो माझ्याशिवाय कुणालाच ऐकू आला नाही. तो माझ्याच अंगातून आला होता.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. खग्रास सूर्यग्रहणाच्या वर्षी अनंतरावांनी, आताच्या आबांनी, मला शहागंजच्या बाजारातून आणलं. सूर्य बघता यावा म्हणून माझ्या डोळा लावायच्या भिंगावर काळी काच होती. सारी गल्ली माझ्यापुढं रांग लावायची. "काय चीज आहे!" म्हणायची. पुढं बजाजनगरला घर झालं आणि मी गाद्यांच्या मागं माळ्यावर गेले. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. काच आतून ठिसूळ झाली. मला कुणी पुसलंसुद्धा नाही.

आज त्यांची सून अंबिका मला गच्चीवर घेऊन आली. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिला सरूला, आपल्या लेकीला, सूर्य दाखवायचा होता.

"आबा, काच जुनी झालीय. दुर्बिणीतून कागदावरच सूर्याचं चित्र पाडू या."

"अगं, याच काचेतून अख्ख्या गल्लीनं ग्रहण बघितलं. कुणाचा डोळा गेला का?"

शेजारच्या गच्चीवर दगडाबाई कुरडया वाळत घालत होत्या. "माय, सूर्याला पाणी द्यावं. डोळा लावतात व्हय कुठं?"

सगळे हसले. अंबिकाही हसली, आणि सासऱ्यांचा शब्द मोडवेना म्हणून तिनं कागद बाजूला ठेवला. आधी तिनं स्वतः बघितलं.

"सूर्यावर आज एकही डाग नाही. पण तो शांत दिसला तरी शांत नसतो हं, सरू. भात रटरटतो ना, तसे त्याच्यावर बुडबुडे येतात. त्यांच्या फटींत चुंबकशक्ती गोळा होते, आणि तिथं बारीक बारीक ठिपके उजळतात. थोड्या वेळानं विझतात."

सरूनं डोळा लावला. माझ्या नळीतून गोळा झालेलं ऊन काचेवर साचत होतं. तेव्हाच ते 'टक्' झालं.

"मम्मी, दिसला! ठिपका! लई चमकतोय!"

"बघा! म्हातारी अजून कामाची आहे," आबा म्हणाले.

इतक्या वर्षांनी माझं कौतुक झालं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

अंबिका क्षणभर हरखली. मग तिचा चेहरा पांढरा पडला. ते ठिपके बघायला डोंगरावरच्या प्रचंड दुर्बिणी लागतात. माझ्यातून ते दिसणारच नाहीत. मग चमकतंय काय?

तिनं सरूला हिसकून मागं ओढलं. मी आडवी झाले. काळी काच काढून तिनं फरशीवर धरली. काचेच्या सावलीत केसाएवढी उजेडाची रेघ पडली; काचेला तडा गेला होता.

आबांनी बाजूला ठेवलेला कागद उचलला. दगडाबाईंचे हात तिथंच थांबले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण तिच्या भरवशावर कुणाचा डोळा ठेवू नका. सूर्य कागदावर पाडूनच बघा. मला पुन्हा माळ्यावर टाकलंत तरी चालेल.

अंबिकानं लेकीचा चेहरा ओंजळीत घेतला. "डोळे मीट, बाळा."

सरूनं मिटले.

"मम्मी, डोळे मिटले तरी ठिपका दिसतोय. हा कधी विझणार?"