एकदम ठीक, साहेब

इस्त्रीवालीच्या हाताखालून गेलेल्या शर्टाच्या कॉलरवर माशी बसली तर घसरून पडेल, असं गल्लीत म्हणत. पुढच्या अर्ध्या खोलीत तिचं टेबल होतं, मागच्या अर्ध्यात संसार. मधल्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून, नवरा स्टुलावर बसायचा. गल्ली त्याला फौजी म्हणायची.

त्याही सकाळी तिनं त्याच्या कपात अर्धाच चहा ओतला. पूर्ण ओतला असता तर अर्धा विजारीवर गेला असता. गिऱ्हाईक आलं, तसे फौजीनं दोन्ही हात मांड्यांखाली दडपले.

"काय फौजी, कसं काय?"

"एकदम ठीक!"

सरहद्दीच्या चौकीवर स्फोट झाला तेव्हापासून त्याचा एक कान बहिरा होता आणि हात थरथरत. पातेल्यावरचं झाकण पडलं तरी तो जमिनीवर पालथा व्हायचा. सैन्यानं पाठ थोपटून घरी धाडलं. लष्करी दवाखाना म्हणाला, ही दुखापत नोकरीतली आहे असं लष्कराच्या वैद्यकीय मंडळानं मानलं तरच उपचार. मंडळ म्हणालं, थरथर मुळातलीच असेल. मुळातली! ज्या हातांत यांनीच बंदूक दिली, तेच हात. तिनं अपील केलं होतं आणि त्याचा निकाल आज आला.

"वाच गं, मोठ्यानं वाच," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

तिनं वाचलं. अर्जदार नीटनेटक्या पोशाखात, दाढी केलेला, बुटांना पॉलिश असलेला असा हजर झाला. प्रकृतीविषयी विचारता 'एकदम ठीक' असे त्याने स्वतः सांगितले. सबब अपील फेटाळण्यात येत आहे. वरच्या मंडळाकडे शेवटचे अपील करता येईल.

सासूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "अगं, दाढी तर तू केलीस!"

दाढी तिनं केली होती. बटणं तिनं लावली होती, बुटांच्या नाड्यासुद्धा गुडघ्यावर बसून तिनंच बांधल्या होत्या. साहेबांपुढे जायचं तर माणूस टापटीप हवा, एवढंच तिला ठाऊक. जन्मभर ज्या कलेवर पोट भरलं, तीच आज नवऱ्याच्या मुळावर आली.

शेवटचं अपील लिहून देणारा गृहस्थ मंडळाच्या फाटकाशी टपरीत बसायचा. माणूस वाईट नव्हता. अनुभवी होता, आणि ते जास्त वाईट.

"वहिनी, दाढी वाढू द्या. बटण वरखाली लावा. आत शिरताना जरा धडपडू दे त्यांना. सगळे तेच करतात."

"म्हणजे सोंग करायचं?"

"खऱ्या दुखण्याचंच सोंग आहे, वहिनी. सरळ उभ्या माणसाला इथं काही मिळत नाही."

घरी सासूबाई कडाडल्या, "लढायला पाठवला तेव्हा छाती पुढे काढ म्हणाले, आता औषध मागायला पाठ वाकव म्हणतात?"

पण इस्त्रीवालीनं मन घट्ट केलं. औषध हवं होतं. सुनावणीच्या सकाळी तिनं त्याला चुरगळलेला शर्ट घातला, बटण वरखाली लावलं. फौजी आरशासमोर उभा राहिला आणि कापऱ्या तळहातानं छातीवरची सुरकुती दाबू लागला. दाबली की उमटायची. पुन्हा दाबायचा.

"काढा तो," ती म्हणाली. "इकडे द्या. आणि बसा, दाढी करायचीय."

कडक घडीचा शर्ट घालून फौजी मंडळासमोर उभा राहिला. ती मागच्या बाकावर. अध्यक्षांनी मान वर न करता विचारलं, "कसे आहात?"

फौजीच्या टाचा जुळल्या. "एकदम ठीक, साहेब!"

पेन कागदावर चालू लागलं.

"थांबा," ती उभी राहिली. "ते लिहू नका."

"बाई, तुम्हाला बोलण्याचा अधिकार नाही."

"नसू दे. हे उत्तर यांना तुम्हीच शिकवलंत, साहेब. पलटणीत दुखतंय म्हटलं की शिक्षा. आता इथं ठीक म्हटलं की शिक्षा. मग यांनी म्हणायचं तरी काय? नेमकं विचारा ना. नेमकं विचारलं तर खोटं बोलायचे नाहीत ते."

अध्यक्षांनी शिपायाला बोलवायला हात उचलला. शेजारचे डॉक्टर मात्र फौजीच्या हातांकडे बघत होते. विजारीच्या शिवणीला घट्ट चिकटवूनही ते हात शिवणीसकट हलत होते.

"शर्टाची बटणं कोणी लावली?" डॉक्टरांनी विचारलं.

फौजी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "हिनं, साहेब."

"दाढी?"

"हिनं."

"नाड्या?"

"हिनं, साहेब." त्यानं हात शिवणीवर आणखी दाबले. "चहासुद्धा अर्धाच देते. सांडतो."

इतक्या वर्षांत त्यानं हे आपल्या तोंडानं आईलाही सांगितलं नव्हतं. इस्त्रीवाली पदर तोंडाशी धरून उभी राहिली. अध्यक्षांनी लिहिलेली ओळ खोडली आणि नवी लिहिली. लष्करी दवाखान्यात फेरतपासणी करावी, निकाल त्यानंतर. देणं म्हणावं तर नाही, नाकारणं म्हणावं तर तेही नाही. पण दार किलकिलं झालं.

बाहेर बाकावर पुढची माणसं ताटकळत होती. सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या, सगळ्यांचे शर्ट चुरगळलेले. कुबडी घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं तर बटणं दोन घरं खाली लावली होती. समारंभात यांनाच पहिल्या रांगेत बसवून आपण टाळ्या वाजवतो. मग घरी जाऊन जेवतो. आणि हे इथं बसून अधिक केविलवाणं कसं दिसावं याची तालीम करतात.

ती त्या म्हाताऱ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि त्याची बटणं सोडू लागली.

"अहो ताई, काय करताय? नाकारतील मला!"

"आत कसे आहात विचारतील," ती बटण योग्य घरात घालत म्हणाली. "उत्तर देऊ नका, काका. म्हणा, साहेब, नेमकं विचारा."

म्हातारा पुटपुटून बघू लागला, "साहेब, नेमकं विचारा..."

"मोठ्यानं."

शेजारच्यानं मान वर केली आणि स्वतःचं वरचं बटण चाचपलं.

"पुढच्या सुनावणीला येताना मी इस्त्री घेऊन येते," ती त्याला म्हणाली. "शर्ट तेवढे धुऊन आणा."